ठकीचं गोणपाट

चौक, १२ जानेवारी, सोमवार

तुझं गोणपाट तू इथंच टाकून गेलीस. त्याच्या कोपऱ्यांवरचे दगडही. माणूस बसायची जागा सोडतं तेव्हा आपला पसारा उचलून नेतं, एवढी रीत तुझ्या आईने तुला शिकवली असणार. मी तिला ओळखत होते. रोज सकाळी टोपली उतरवली की पहिलं तुझं गोणपाट पायात येतं. गुराखीसुद्धा आपली काठी विसरत नाही.

आता नमस्कार. ठकीस भागूचा नमस्कार. तू बरी असशीलच. भिवपुरीला जावयाच्या क्वार्टरात नळ सोडला की पाणी, बटण दाबलं की वारा. तुला काय होतंय.

जाताना तू बोललीस, "भागे, आजपासनं तुज्याशी बोलले तं नावाची ठकी नाय." बरं. न बोलायची शपथ तुझी, माझी नाही, आणि लिहायचं तर आपलं काही ठरलंच नव्हतं. म्हणून लिहिते. चौथीपर्यंत आपण दोघी एका बसकरावर बसलो, तेव्हा माझं अक्षर तुला लागतं. माझी नात ऋतिका बोलते, आजी, फोन कर. फोन तू मधेच ठेवून देशील. कागद ठेवून दिलास तरी तोवर तो वाचून झालेला असतो.

भांडण कशावरून झालं ते तू तिकडे कसं सांगितलं असशील, मला बसल्या जागी ऐकू येतं. म्हणून खरं काय ते लिहून ठेवते. दिवाळीत तुझा लेक नवीन गावात कंपनीची गाडी घेऊन आला. गाडी गावातच येणार, काकडी, दुधी, शिराळी तिथल्या तिथं मोजणार, पैसे बँकेत. अट एकच. माल सगळा गाडीला, रस्त्यावर एक काकडी विकायची नाही. आपण जन्मभर करंजाखाली बसून हायवेच्या गाड्यांना माल विकला. आणि तू त्याच करंजाखाली, गिऱ्हाइकासमोर मला बोललीस, "रस्त्यावर बसायचं दिवस गेलं, भागे." मी बोलले, "काकडीच्या आधी तूच विकली गेलीस गं."

बोलले ते बोलले. आज समोर असतीस तर परत बोलले असते.

तू गेलीस, मग चिंधी गेली, मग रूपाली, मग बाकीच्या. सगळ्यांचा माल गाडीला. करंजाखाली आता मी, माझी टोपली आणि तुझं गोणपाट. मी त्याच्यावर पाय पुसते.

परवा ती पनवेलची चष्मेवाली थांबली. बोलली, दुसऱ्या मावशी कुठे गेल्या? मी सांगितलं, पाणी प्यायला गेली. तुझी बाजू घेतली असं समजू नकोस. इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या बाईला एवढी लांब कहाणी कोण सांगत बसणार.

गोणपाट घेऊन जा.

भागूबाई


चौक, २९ जानेवारी, गुरुवार

पत्र तुला लिहिलं होतं, उत्तर नवीनचं आलं. ही कुठली पद्धत? मी तुझ्या दारात आले तर तू लेकाला ओट्यावर पाठवून आत बसशील का?

तो लिहितो, "आईचे गुडघे दुखतात. आईला विश्रांतीची गरज आहे. मावशी, तुम्हीही आता वयाचा विचार करून माल गाडीला द्यावा." वर आईचे, आईला, आणि खाली सही मात्र तुझी म्हणून केलेली. ठके, आपण एवढी वर्षं शेजारी बसलो, "विश्रांती" हा शब्द तुझ्या तोंडून मी कधी ऐकला नाही. पाकिटावर शिक्का चौकच्या टपालाचा आहे. म्हणजे दर रविवारी तुला भेटायला भिवपुरीला जातो तेव्हा पत्र उचलतो आणि घरी येऊन उत्तर लिहितो. तू माझं पत्र वाचलंस की नाही, देव जाणे. वाचलं नसशील तर थोडक्यात, गोणपाट घेऊन जा.

गुडघे माझेही दुखतात. पण मी ते घेऊन जीपमध्ये चढते.

नवीनला वाटतं मला गाडीवर राग आहे. राग धरायच्या आधी मी जाऊन बघून आले. शाळेमागच्या पत्र्याच्या शेडीत गाडी लागते, तिथं सकाळभर उभी राहिले. खोटं बोलणार नाही. काटा खरा आहे. माणसं नीट बोलतात, मला बसायला कॅरेट उलटा करून दिला. आमचे हे होते तेव्हा आमचा माल वाशीला जायचा, आठवतं ना? दलाल रुमालाखाली हात घालून घेणाऱ्याची बोटं दाबायचा. आमच्या काकडीचा भाव त्यांच्या बोटांना कळायचा, आम्हाला घरी आल्यावर. त्यापुढे गाडी बरी. भाव आदल्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर येतो. चिंधीच्या घरावर नवे पत्रे आले, ते गाडीमुळेच. मी नाही कशाला म्हणू?

पण गाडी सरळ काकडी घेते, वाकडी घेत नाही. त्यांच्याकडे एक फळी आहे. काकडी फळीवर ठेवायची. टेकली तर आत, मधे उजेड दिसला तर बाहेर. देवाने वेलाला काकडी लावली तेव्हा हातात फळी नव्हती. बाहेर काढलेल्या काकड्यांचा ढीग होतो. रस्त्यावर विकायच्या नाहीत, अट आहे. मग म्हशींना घालायच्या. गावातल्या म्हशी आता काकडी दिसली की तोंड फिरवतात.

आपण वाट्यात घालायचो ना गं त्याच काकड्या? वर दोन सरळ, पोटात वाकड्या, बाजूला लिंबू. काटा नाही, फळी नाही, वाटा उचलायचा आणि पिशवीत ओतायचा. गिऱ्हाइकाने कधी तक्रार केली? वाटा लावायचा हात मात्र तुझा. माझा वाटा विस्कटलेला दिसतो. हे लिहिलं म्हणून मान वर करू नकोस.

आणखी एक. एक बाई रोज पहाटे वाकड्या काकड्यांची टोपली माझ्या ओट्यावर ठेवून जाते. काही बोलत नाही, मी विचारत नाही. तिचं नाव लिहिणार नाही. तिला नवरा आहे आणि त्या नवऱ्याला दुसऱ्याची पत्रं वाचायची सवय आहे.

त्या काकड्या माझ्या शेतातल्या नाहीत. म्हणून मी त्या माझ्या गोणपाटावर मांडत नाही. कुठे मांडते ते तुला काय करायचंय.

आणि भवानीचा नियम मी एकटी असले तरी पाळते. आपल्या सासवांनी घालून दिला तो. जिची दिवसाची पहिली विक्री झाली नसेल तिच्याकडे गिऱ्हाईक वळवायचं, मग आपली भवानी करायची. काल एक ट्रकवाला माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मी त्याला बोट केलं, आधी तिकडनं घे. तो बोलला, तिकडे कोण नाय. मी बोलले, वाटा हाय ना? वाटा घे, पैसे दगडाखाली ठेव. त्याने मला वेडी समजून ठेवले.

पुढचं उत्तर तुझ्या हातचं पाहिजे.

भागूबाई


चौक, १६ फेब्रुवारी, सोमवार

काल शिवरात्रीलाही तू गावात आली नाहीस. देवाशीही बोलायचं नाही अशी शपथ घेतलीस का?

उत्तर नाही. नवीनचंही नाही. पण आता जे लिहिते ते वाचल्याशिवाय हा कागद चुलीत घालू नकोस.

येसाजी आला होता. करंजासमोरच्या ढाब्याचा आणि गॅरेजचा मालक, तोच, ज्याच्या लग्नात तू उखाणा विसरली होतीस. दुपारी येऊन उकिडवा बसला. बराच वेळ वाल कसे झाले, पाणी कुठपर्यंत पुरेल, असलं बोलला. मी बोलले, येसाजी, तू वाल विचारायला रस्ता ओलांडणारा माणूस नाहीस.

मग बोलला, "भागूमावशे, बायांची वळ होती तवा मी कदी काय बोललो का? बाया बसायच्या, गाड्या थांबायच्या, तुमच्याकडं काकडी घ्यायच्या नि माज्याकडं चा प्यायच्या. आता तू एकटी. येका टोपलीसाटी येवडी सावली? मला गाड्या लावाया जागा नाय."

"एकटी कोण बोललं तुला? दोन गोणपाटं दिसत नाय?"

"दुसरं कुणाचं?"

"ठकीचं."

"ठकीमावशी भिवपुरीला हाय. सगल्या चौकाला ठावं हाय."

"पाणी प्यायला गेली."

"दिवालीपासनं पाणीच पितेय व्हय गं?"

हसला. मीही हसले असते, पण मला परवडणारं नव्हतं. येसाजी वाईट माणूस नाही, तीच अडचण आहे. वाईट असता तर दगड उचलला असता. जागा त्याची नाही, माझी नाही, रस्त्याची आहे. बसेल त्याची. ओळ बसली तर ओळीची, एकटी बसली तर कोणाचीच नाही. हे त्याला कळतं आणि मलाही.

उठताना बोलला, "शिमग्यापातूर बगतो. वळ बसली तं माजं काय म्हणणं नाय. नायतं टायर टाकून जागा धरतो."

मी गावात घरोघर फिरले. चिंधी बोलली, रस्त्यावर बसलं तर गाडी नाव कापील, नवीनने सांगितलंय. रूपाली बोलली, "गाडी हाय ना मावशे? मंग सावली कशाला पायजे?"

मला उत्तर सुचलं नाही. दारात उभी राहिले आणि परत आले. हे तुला सांगते, कारण तुला सुचलं असतं. मी नुसती शिवी देते. तू शिवीच्या आत कारण घालायचीस.

तुझ्या घरावरून आले. छाया अंगणात एकटी वेल बांधत होती. तुझी सून तुझ्यापेक्षा घट्ट गाठ मारते. ओटा सारवलेला होता, तुझी काठी दाराशी टेकवलेली होती. ती काठीही तू नेली नाहीस. म्हणजे तू गेलीस की तुला नेलं, हा मला आता प्रश्न पडला आहे. गाडी गावात येते, माल तिथंच मोजतात, मग आईला काम काय उरलं, असं कोणी बोललं असेल. प्रेमाने बोललं असेल. प्रेमाने बोललेलं परतवता येत नाही, हे मला ठाऊक आहे. माझा लेकही मला खाट विणून देतो म्हणतो.

मी त्याला सांगितलं, सावली कोणी घेतली तर वीण.

शिमग्याच्या आत ये.

भागूबाई


चौक, १० मार्च, मंगळवार

शिमगा होऊन गेला आणि तू आली नाहीस. पुष्कळ काही झालं आणि तू त्यात नव्हतीस, याचा राग मी मरेपर्यंत धरणार आहे.

हे पत्र टपालात टाकत नाही. ऋतिकाच्या हाती कर्जतवरून पाठवते. तुझं वाचून होईपर्यंत ती तुझ्यासमोरून उठणार नाही, चहा दिलास तरी.

शिमग्याच्या तोंडावर गाडी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्यातला माल शहरात स्वस्तात उतरला होता, मग आपला कोण विचारतो. भाव मोबाइलवर यायचा तोही आला नाही. तुझा नवीन शेडीत कानाला फोन लावून फेऱ्या मारत होता. पलीकडून कोणी उचलत नव्हतं. मी त्याला हसले नाही. हसण्यासारखं काही नव्हतं. त्यानेही मनापासून केलं होतं, आणि त्यालाही कोणी विचारून गाडी थांबवली नव्हती.

पण काकडीला फोनचं काय. आज कोवळी, उद्या भरली, परवा पिवळी. शेडीत भरलेले कॅरेट, वर पत्रा तापलेला, आणि बाया राखण केल्यासारख्या भोवती बसलेल्या. मी गेले. नुसतं रूपालीकडे बघितलं. तिला तेवढं पुरलं.

चिंधी बोलली, "नवीन म्हणतो, वाट बगा." नवीन बोलला, "मावशी, अट हाय. माल रस्त्यावर गेला तं गाडी परत येणार नाय."

तेव्हा छाया उठली. तुझी छाया, जी जावांच्यात बसली तर कोपरा धरते. तिने कॅरेट उचलून डोक्यावर घेतला आणि नवऱ्यासमोरून बोलली, "नाव कापायचं तं माजं पयलं कापा. मी रोजच देते रस्त्याला."

आता नाव लिहायला हरकत नाही. ती पहाटेची टोपली तिचीच. म्हणजे तुझी. तुझ्याच शेतातली वाकडी काकडी मी एवढे दिवस तुझ्याच गोणपाटावर मांडत होते. बस आता रडत. नको, रडू नकोस, ऋतिका घाबरेल.

टेंपो भरला आणि चौकला आलो. करंजाखाली येसाजीने टायर टाकलेले. ट्रकचे मोठे टायर, ओळीने. बाया थबकल्या. मी एका टायरवर टोपली ठेवली आणि दुसऱ्यावर बसले. ठके, तुला सांगते, टायर बसायला फार चांगला. गुडघा वाकवावा लागत नाही. एवढी वर्षं आपल्याला कसं सुचलं नाही. मग चिंधी बसली, रूपाली बसली, सगळी ओळ टायरवर बसली, दरबार भरल्यासारखी.

येसाजी बाहेर आला. "टायर माजे हायेत," बोलला.

मी बोलले, "ने की. बाया उठल्या की ने."

त्याने ओळ बघितली, थांबलेल्या गाड्या बघितल्या, त्यातले चार जण त्याच्याच ढाब्याकडे वळले तेही बघितलं, आणि आत गेला. टायर तिथंच आहेत. एकावर त्याने स्वतः फडकं मारलं.

छाया तुझ्या जागेजवळ आली, तशी मी बोलले, तिथं नाय. ती बोलली, "म्हाईत हाय मावशे. मी कडंला बसते." आणि कडेलाच बसली. वाटे मात्र तिने लावले. तुझ्यासारखे. कुठे शिकली, मला विचारू नकोस. घरात कोण होतं शिकवायला?

संध्याकाळपर्यंत माल उठला. पिवळी तेवढी उरली, ती येसाजीने कोशिंबिरीला नेली.

शिमगा झाला आणि गाडी परत आली. आणि नवीन करंजाखाली आला. सगळ्यांच्या समोर मला बोलला, मावशी, तुम्ही आमच्या घरात भांडण लावता. मी बोलले, भांडण लावायचं असतं तर मला एवढ्या लांब येऊन बसायची गरज नव्हती. मग त्याला नीट सांगितलं, जसं तू सांगितलं असतंस. सरळ माल गाडीला. कोणी अडवत नाही. वाकडा माल रस्त्याला. आणि गाडी येणार नाही त्या दिवशी सगळाच रस्त्याला, विचारायचंही नाही. रूपालीलाही तेव्हाच उत्तर दिलं. गाडी येते तेव्हा सावली कशाला पाहिजे? एखाद्या दिवशी गाडी येत नाही म्हणून.

"कंपनी मानणार नाय," तो बोलला.

"कंपनीचं कंपनी बोलेल. तू काय मानतोस?"

त्याने छायाकडे बघितलं. ती सुट्टे मोजत होती, तिने मान वर केली नाही. मग तो बोलला, आवाज खाली आणून, "मावशी, गाडीला सगल्यात जास्त माल आमच्या शेतातला जातो. आमचा दोनीकडं गेला तं कंपनीला सगल्यांचं मानावं लागंल. येवडा माल ती सोडणार नाय. पण शेत आईचं हाय. आई बोलली तं मी कंपनीशी भांडतो." आणि लगेच, "पण आई नाय बोलायची. तिला आता ह्यातलं काय नको. तिला विश्रांती पायजे."

तुझा लेक लहानपणापासून खोटं बोलताना स्वतःच्या चपला बघतो. तो चपला बघत होता.

आता सगळ्या तिथंच अडल्या आहेत. चिंधी बोलते, ठकी काय बोलते बघू. रूपाली तेच बोलते. तू हो म्हटलंस तर ओळ राहते आणि गाडीही राहते. गप्प बसलीस तर या एकेक करून शेडीत परत जातील, कारण त्यांना घरं आहेत, मी त्यांना नाव ठेवणार नाही. मग येसाजी त्याच टायरांनी जागा धरील. मी एकटी तिथं बसेन, पण माझ्या बसण्याला ओळ म्हणत नाहीत.

तुला खरंच विश्रांती पाहिजे असेल तर तसं लिही. तुझ्या हाताने, चौथीतल्या त्या वाकड्या अक्षरात. मी गोणपाट झटकून, घडी घालून पाठवून देते, दगडांसकट. परत पत्र लिहिणार नाही.

नको असेल तर येत्या रविवारी ये. रविवारी मुंबईच्या गाड्या असतात. शपथ मोडू नकोस, मला तुझी शपथ मोडून नको आहे. माझ्याशी बोलू नकोस. गिऱ्हाइकाशी बोल. नवीनशी बोल. मला काही सांगायचं असलं तर छायाला सांग, ती मधे बसते.

आणि ऐक. रविवारी तुझ्या गोणपाटावर मी एक काकडी मांडणार नाही. पहिलं गिऱ्हाईक आलं की त्याला तिकडेच वळवणार. तिथं कोणी नसलं तर गिऱ्हाईक जाईल. दुसरं आलं तर त्यालाही तिकडेच. तुझी भवानी झाल्याशिवाय माझी होणार नाही, माझी झाल्याशिवाय चिंधीची नाही, छायाची नाही. सासवांचा नियम आहे, मी तो वाकवणार नाही. सगळ्या ओळीचा माल उन्हात पिवळा पडला तर तो तुझ्यामुळे, आणि तसं मी प्रत्येक गाडीला थांबवून सांगेन.

याचं उत्तर नवीनने द्यायचं नाही. लेकीने द्यायचं नाही, जावयाने द्यायचं नाही. ऋतिकाच्या हाती निरोप द्यायचा नाही. उत्तर ठकीने द्यायचं, रविवारी सकाळी, आपल्या गोणपाटावर बसून.